चाळ रिकामी होण्याआधी : गिरणगावातल्या चाळ कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
लालबाग, परळ, काळाचौकी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड आणि वरळी इथल्या चाळ कमिट्यांचे व नियोजित गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी,
तसंच पुनर्विकासाचं काम पाहणारे म्हाडाचे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या (ब्रिटिश काळात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) 556 कुटुंबांच्या हातात नव्या घराच्या चाव्या पडल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात जाणं ही त्या कुटुंबांसाठी फार मोठी गोष्ट आहे आणि ती याआधीच व्हायला हवी होती. संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘चाळ टिकवा’ असं सांगण्याचा कुणाला अधिकार नाही, आणि या पत्रात तसं काही सांगितलेलंही नाही. आमची मागणी एवढीच आहे की चाळ पाडण्याआधी तिची खोलीवार नोंद करा. पात्रता यादी (नव्या घराला कोण पात्र, त्याची), करारनामा आणि भाड्याचे धनादेश जसे वेळापत्रकात असतात, तसंच हे कामही त्यात धरा.

‘आधी’ या शब्दावर आमचा सगळा भर आहे. खोल्या रिकाम्या झाल्या की हे काम होत नाही. माणसं पांगतात : कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भाड्याने विरारला किंवा बदलापूरला, आणि सर्वांत म्हातारी माणसं बहुतेक वेळा गावी. तरीही त्यांचा पत्ता शोधता येईल, पण तिथे बसून त्यांना फारसं आठवत नाही. आठवण जागेला चिकटलेली असते. समोर मोरी असली की पाण्याच्या वेळा आठवतात, कठडा असला की त्यावरून समोरच्या चाळीत काय फेकलं, काय ओरडून सांगितलं ते आठवतं. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या खोलीत तोच माणूस ‘पूर्वी माणुसकी होती’ एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. त्याचं म्हणणं खरं असलं, तरी त्यातून पुढच्या पिढीच्या हाती काहीच लागत नाही.

कामाचा आवाका कमिटीला घाबरवण्याइतका मोठा नाही. बीडीडीची नेहमीची चाळ म्हणजे तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, एकूण 80. दोघा-दोघांच्या दोन तुकड्या केल्या आणि प्रत्येकीने संध्याकाळी दोनच खोल्या घेतल्या, तरी 20 बैठकांत चाळ पुरी होते. लालबाग-काळाचौकीतल्या खाजगी, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळी बहुधा यापेक्षा लहान आहेत. पात्रता यादी जाहीर झाली की सुरुवात करावी. क्रम खोली नंबरचा ठेवू नका. आधी सर्वांत वयस्कर माणसं, मग जे आधी घर सोडणार आहेत ते, मग बाकीचे.

पहिलं साधन म्हणजे खोलीची नोंदवही. एका खोलीला एक पान. कुटुंब कोणत्या गावाहून, कोणत्या तालुक्यातून, साधारण कधी आलं. आधी या खोलीत कोण होतं. कोण कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होतं. ‘गिरणीत होते’ एवढं लिहून थांबू नका. साचेखात्यातला (मागावर कापड विणणारा) माणूस आणि रिंगखात्यातला (सूत कातणारा) माणूस यांचं काम वेगळं, पगार वेगळा, आणि बरेचदा त्यांची गावंही वेगळी. कायम होता की बदली (गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरता घेतलेला), बदली असेल तर किती वर्षं रोज सकाळी दारावर उभा राहिला, त्याला कामाला लावलं कुणी, हेही विचारा. गिरणी, खातं, पाळी आणि गाव या चार गोष्टी 80 पानांवर नीट आल्या, तर चाळीत कुठला मजला कुठल्या गावाने भरला आणि का भरला, हे आपोआप दिसायला लागतं.

इथे एक धोक्याची सूचना, आणि ती कमिटीने गांभीर्याने घ्यावी. या वहीत पागडी किती दिली, पावती कुणाच्या नावावर, पोटभाडेकरू कोण, भावाभावांत वाटणी झाली का, यातलं काहीही लिहू नका. पात्रतेचे वाद चालू असतात आणि एखाद्याची भोळेपणाने सांगितलेली गोष्ट उद्या त्याच्याच विरोधात पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. हे विचारलं जाणार नाही असं पहिल्याच बैठकीत सांगा आणि नोटीस बोर्डावर लावा. पात्रता अंतिम होईपर्यंत वही कमिटीच्या कपाटात राहू नये, नोंदवणाऱ्यांकडेच असावी. ही खात्री दिली नाही तर लोक तोलूनमापून बोलतात, आणि तोलून सांगितलेल्या आठवणीचा उपयोग नसतो.

गावकीच्या खोल्यांकडे जास्त लक्ष द्या. पावतीवर नाव एकाचं आणि राहणारे एकाच गावचे वीस-वीस, तीस-तीस पुरुष, अशा या खोल्या. नवं घर एका नावाला मिळेल. बाकीच्यांचा मुंबईतला मुक्काम कुठल्याच सरकारी कागदावर नाही. पण ग्रामस्थ मंडळाची वही बहुतेक ठिकाणी असते : कोण कधी आलं, महिन्याची वर्गणी किती, ट्रंक कुणाची कुठे. ती वही सापडली तर पानन् पान फोटो काढून घ्या. चाळ सोडण्याच्या गडबडीत रद्दीत जाणाऱ्या वस्तूंत तिचा नंबर वरचा असतो.

आता प्रश्न कसे विचारायचे ते. ‘पूर्वी कसं होतं?’ असा प्रश्न विचारूच नका. वस्तू, वेळ आणि जागा विचारा. पाणी किती वाजता यायचं, नळावर नंबर कसा लागायचा, हंडे रात्रीच लावून ठेवायचे का, आणि भांडण झालं तर ते मिटवायचं कोण. रॉकेल कुठून यायचं. मयत झालं तर तिरडी कोणत्या जिन्याने उतरवायची. भोंगा कुठल्या गिरणीचा ऐकू यायचा आणि त्यावर घरात काय हलायचं.

सगळ्यांत जास्त माहिती देणारी युक्ती म्हणजे झोपण्याचा नकाशा. कागदावर खोलीचा चौकोन काढा. मोरी, चूल किंवा स्टो, कॉट, ट्रंका, कपाट, माळा दाखवा. मग विचारा, मे महिन्यात रात्री बारा वाजता कोण कुठे झोपलेलं असायचं? एकेक माणूस रेघ मारून दाखवायचा, डोकं कुठल्या बाजूला तेही. रात्री बाराच्या सुमारास दुसरी पाळी सुटायची आणि तिसरी चढायची, म्हणजे त्याच वेळी एक वळकटी रिकामी व्हायची आणि दुसरा माणूस तिच्यावर येऊन पडायचा. पुरुष गॅलरीत, गच्चीवर, फूटपाथवर. नवीन लग्न झालेलं जोडपं माळ्यावर. बाळंतीण असली तर सगळी मांडणीच वेगळी. हाच नकाशा पावसाळ्याचा वेगळा काढा, कारण तेव्हा बाहेर झोपणारे सगळे आत यायचे. 160 चौरस फुटांत नऊ माणसं राहत होती असं वाक्य सगळे लिहितात. ती कशी राहत होती हे या कागदावर दिसतं. सांगणाऱ्यालाही रेघा मारताना विसरलेली माणसं आठवतात : कामाला आलेला मामेभाऊ, शिकायला ठेवलेली पुतणी.

सालं लोकांना आठवत नाहीत, आणि आग्रह केला तर माणूस अंदाजाने आकडा देतो. त्यापेक्षा खुंट्या द्या. ट्राम चालू होती का (ती 31 मार्च 1964 ला बंद झाली), कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967), मुंबईत टीव्ही आला ते साल (1972), वरळीची दंगल (जानेवारी 1974), त्याच वर्षी मे महिन्यातला रेल्वेचा संप, 92-93 च्या दंगली, 26 जुलै 2005 चा पाऊस. बायकांसाठी घरातल्या खुंट्या जास्त पक्क्या असतात : थोरला कितवीत होता, सासूबाई होत्या का, गॅस आला होता का.

गिरणी संपाबाबत मात्र जपून. 18 जानेवारी 1982 ही तारीख इतकी मोठी आहे की ती आजूबाजूच्या सगळ्या आठवणी गिळते. खोली विकली ती ‘संपानंतर’, मुलगा शाळेतून काढला तो ‘संपानंतर’, गिरणी बंद पडली ती ‘संपात’. प्रत्यक्षात संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि सगळ्या गिरण्या काही एका दिवशी बंद झाल्या नाहीत. काही पुन्हा चालू झाल्या, वर्षानुवर्षं रखडत चालल्या, खाती एकेक करून बंद झाली. म्हणून प्रत्येकाला वेगळं विचारा : तुम्ही परत कामावर गेलात का, घेतलं का, तुमचं खातं कधी बंद झालं, देणी कधी मिळाली, त्या मधल्या काळात घर कशावर चाललं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा घरातली बाई देते.

तिचं उत्तर मिळवायचं तर तिची बैठक वेगळी लावावी लागते. नवरा किंवा मुलगा समोर असला की तोच बोलतो आणि ती चहाला उठते. विचारणारी बाई असावी, वेळ दुपारी तीन ते पाचची असावी. नळ, रेशन, बाळंतपणं, भिशी आणि खानावळ हा सगळा व्यवहार बायकांच्या डोक्यात आहे. खानावळ चालवणाऱ्या घरात तर तपशिलाने विचारा : जेवायला किती जण, महिन्याचे किती घ्यायच्या, डबा की ताट, मासळी कोणत्या वारी, संपात उधारी किती महिने चालवली आणि ती बुडाली का. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना घेऊन. ज्यांनी हजारो गिरणी कामगारांना जेवू घातलं, त्यांचा हिशेब त्यांच्या तोंडून लिहून घेतला जावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

आवाज नोंदवायला साधा फोन पुरतो. मात्र तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन आला की नोंद तुटते. टेबलावर ठेवू नका, कारण हात आपटला की ठोका बसतो. घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवा. पंखा बंद करा. उकाड्यात ते जमत नसेल तर बैठक सकाळी घ्या. बीडीडीत मधल्या बोळाला दोन्ही बाजूंनी खोल्या, त्यामुळे बोळात आवाज घुमतो. खोलीतच, गाद्या-कपड्यांच्या बाजूला बसलेलं बरं. दुसरा फोन जोडीला चालू ठेवा. अर्धा मिनिट बोलून, इअरफोन लावून ऐका आणि मगच सुरुवात करा. सुरुवातीला तारीख, चाळ, खोली, बोलणाऱ्याचं आणि विचारणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगा. एका वेळी एकच माणूस. चौघांना एकत्र बसवलं की रंगत येते, पण ऐकताना कोण काय म्हणालं ते लागत नाही. एकत्र बसवायचं ते नकाशाभोवती, आणि तेव्हा ध्वनीवर विसंबू नका, नकाशावरच लिहा.

डब्ल्यूएव्ही फाईल, एक चॅनेल, 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ ठेवली तर तासाला साधारण 318 एमबी लागतात. 80 जणांचे प्रत्येकी दीड तास धरले तरी 40 जीबीच्या आत काम होतं. शब्दशः उतरवून काढायला लागू नका. एका तासाला पाच-सहा तास जातात आणि दहाव्या मुलाखतीनंतर माणसं काम सोडतात. त्याऐवजी दर पाच मिनिटांना एक ओळ : ‘15 ते 20 मिनिटं : नळावरचं भांडण, पाण्याच्या वेळा.’ बोली बदलू नका. मालवणी मालवणीतच राहू दे, पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) घरातलं तेलुगू तेलुगूतच.

दोन माणसांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली तर दोन्ही ठेवा. कमिटीने बसून ‘खरं काय’ ते ठरवू नये. 1974 किंवा 92-93 च्या दंगलींबद्दल बोलताना तर जास्त सांभाळा : ज्यांच्यावर बोट जाईल ती माणसं शेजारच्या चाळीत आहेत, त्यांची नातवंडं तुमच्या नातवंडांबरोबर एकाच लिफ्टमधून जाणार आहेत. म्हणून परवानगीच्या कागदावर तीन पर्याय द्या : सर्वांना खुलं, फक्त रहिवाशांना, आणि 20 वर्षं बंद. बोलून झाल्यावर सही घ्या, आधी नको; आधी माणसाला माहीत नसतं की तो काय बोलणार आहे.

वास्तूची मोजमापं एका रविवारात होतात. पाच मीटरची टेप बोळाला पुरत नाही, तीस मीटरची आणा. प्रत्येक प्रकारची एक खोली, बोळ, जिना, मोरी, संडास, गच्ची. भिंतींबरोबर कर्णही मोजा, कारण जुन्या भिंती काटकोनात असतातच असं नाही. खोली 10 बाय 16 फूट असेल तर कर्ण 18 फूट 10 इंचांच्या आसपास यायला हवा. दोन कर्णांत फरक आला तर तो तसाच लिहा, नकाशा ‘सरळ’ करू नका. माळ्याखाली किती उंची राहते तेही मोजा. बीडीडी काँक्रीटची आहे. लालबागच्या जुन्या चाळींत लाकडी खांब, गॅलरी, मंगलोरी कौलं आहेत, तिथे खांबाची जाडी आणि कठड्याची नक्षी जवळून टिपा. फरशीचा फोटो वरून सरळ, शेजारी फूटपट्टी ठेवून.

चाळीबाहेरचा नकाशाही तितकाच महत्त्वाचा. मुंबई शहरात मालमत्तेला सी.एस. नंबर (भूमापन क्रमांक) असतो, उपनगरातला सीटीएस वेगळा. तुमच्या सी.एस. नंबरचा नगर भूमापनाचा नकाशा घेऊन तो मोठा छापा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर टाका : एक ट्राम होती तेव्हाचा, एक संपाआधीचा, एक आजचा. भय्याचा तबेला, पिठाची गिरणी, छापखाना, व्यायामशाळा, मंडपाची जागा, गिरणीचं फाटक, आणि घरापासून फाटकापर्यंत पायी जायची वाट. नावं जुनीच लिहा. एल्फिन्स्टन रोड स्टेशन 2018 मध्ये प्रभादेवी झालं, डिलाईल रोड कागदावर ना. म. जोशी मार्ग आहे, पण सांगणारा ज्या नावाने सांगतो ते आधी, आजचं कंसात.

कागद आणि फोटो घरातून नेऊ नका. स्कॅनर घरी न्या. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला 600 डीपीआय ठेवा, आणि मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिल वापरा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात नको. उष्णता आणि गोंद यांनी झालेलं नुकसान परत फिरवता येत नाही. ही चूक फार घरांत प्रेमापोटी होते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. भाडेपावत्या, गिरणीचा पास, गणपतीची वर्गणी-पुस्तकं, कबड्डी संघाचे गट-फोटो, मंडळाचे छापील अहवाल : गट-फोटोत प्रत्येकाचं नाव आजच विचारून घ्या.

फाईलचं नाव आकड्यांत : चाळ-खोली-वर्षमहिनादिवस-क्रमांक, म्हणजे 014-052-20260118-01. तारखेत वर्ष पुढे लिहिलं की प्रत्येक खोलीची यादी आपोआप तारखेने लागते. प्रती तीन, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक इमारतीबाहेर. पेनड्राइव्ह ने-आणीला ठीक, साठवायला नाही. बाहेरची प्रत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेकडे किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे ठेवायची असेल, तर ते घेतील का आणि बंद पर्याय पाळतील का, हे आधी लेखी विचारा.

म्हाडाच्या अधिकाऱ्यांना आणि विकासकाशी करार करणाऱ्या कमिट्यांना विनंती की करारनाम्यात तीन कलमं घाला. खोल्या रिकाम्या झाल्यापासून पाडकाम सुरू होईपर्यंत मोजमापाला पंधरा दिवस प्रवेश. चाळीचा नामफलक, एक दार, कठड्याचा एक तुकडा पाडकामाच्या ठेकेदाराकडे न जाता संस्थेकडे. आणि नव्या इमारतीच्या संस्था-कार्यालयात एक कोरडं, कुलूपबंद कपाट, शिवाय तळमजल्यावर जुन्या खोली नंबरांचा फलक, कुठला जुना नंबर आता कुठे आहे ते दाखवणारा.

ज्या चाळींची वीज-पाणी तोडायची तारीख लागली आहे, त्यांना एवढं सगळं जमणार नाही. त्यांनी चारच गोष्टी करा. आजच प्रत्येक कुटुंबाचा नवा पत्ता, गावचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहून घ्या. पंचाहत्तरीपुढच्या माणसांची प्रत्येकी अर्धा तास नोंद करा. मंडळांच्या सगळ्या वह्या एका ट्रंकेत गोळा करून, कुणाकडून काय घेतलं त्याची पावती द्या. आणि बोळाचे, जिन्याचे, प्रत्येक दाराचे फोटो नंबर दिसेल असे काढा, पाट्या काढायच्या आत.

आपले,
गिरणगावातल्या आठवणी नोंदवणारे कार्यकर्ते
लालबाग, मुंबई